रिपोर्ट नॉर्मल, अंगात त्राण नाही

पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्धा लिटर सलाईनमध्ये २५ ग्रॅम ग्लुकोज असतं. त्यातून मिळणारी ऊर्जा १०० कॅलरींच्या आतबाहेर, म्हणजे एका पोळीइतकी. बाटली साध्या मिठाच्या पाण्याची असेल तर ऊर्जा शून्य आणि मीठ साडेचार ग्रॅम. तरीही आळंदी, मोशी, भोसरी, चाकण या पट्ट्यातल्या दवाखान्यांत ‘लय वीकनेस आलाय डॉक्टर, एक सलाईन लावा’ ही मागणी रोजची आहे. काही ठिकाणी त्यात जीवनसत्त्वाचं इंजेक्शन मिसळतात, पाणी पिवळं किंवा लालसर होतं आणि रुग्णाला पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. जुलाबाने सुकलेल्या किंवा डेंग्यूच्या तापात पाणीही पोटात न ठरणाऱ्या माणसाला सलाईन जीवदान देतं, यात शंका नाही. महिनोन्‌महिने दमलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र त्या बाटलीतला खरा उपचार बहुधा वेगळाच असतो. तास-दीड तास पंख्याखाली आडवं पडायला मिळतं आणि तेवढ्या वेळात कोणी उठवत नाही.

दोन दिवसांनी अंग पुन्हा गळतं. मग रक्त तपासलं जातं. हिमोग्लोबिन ठीक, साखर ठीक, पेशी ठीक. ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहे तुमचा,’ असं डॉक्टर सांगतात. ऐकणाऱ्याला खरं तर आनंद व्हायला हवा, पण घरी आणि कंपनीत त्याचा अर्थ एवढाच लागतो की हा माणूस नाटक करतोय. थकव्याच्या बहुतेक कहाण्या इथेच अडकतात. एक तर माणूस दवाखाना बदलून तीच तपासणी पुन्हा करून घेतो, नाहीतर गप्प बसून ताकदीच्या गोळ्या खात राहतो.

या पट्ट्यात थकव्याचं पहिलं कारण कुठल्याच रिपोर्टात उमटत नाही, कारण ते रक्तात नसून वेळापत्रकात असतं. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली जिथे समाधी घेतली त्या आळंदीला आज तीन बाजूंनी कारखान्यांनी वेढलं आहे. उत्तरेला चाकणची एमआयडीसी, पश्चिमेला दिघीपलीकडे भोसरी, पूर्वेला मरकळचा रस्ता. खोल्यांची भाडी पिंपरी-चिंचवडच्या मानाने परवडणारी, म्हणून मराठवाड्यातून, विदर्भातून आणि पार बिहारमधून आलेली पोरं इथे ‘कॉट बेसिस’वर राहतात. देवळात काकड आरतीची तयारी सुरू होते त्या सुमाराला कंपनीत थर्ड शिफ्टवाल्यांचे डोळे मिटायला लागलेले असतात. हा योगायोग नाही. माणसाच्या शरीराचं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमाराला सर्वांत खाली असतं आणि डुलकी, चूक, बोट मशीनमध्ये जाणं हे सगळं त्याच वेळी सोपं होतं.

शरीराचं आतलं घड्याळ सरकतं, पण रोज साधारण तासाभरानेच. फर्स्ट शिफ्टवरून नाइटला गेलेल्या माणसाला पूर्ण जुळवून घ्यायला आठवड्याहून जास्त दिवस लागतात आणि इथे तर आठवडा संपला की शिफ्टच बदलते. त्यामुळे त्याचं शरीर कायम मागच्या आठवड्यात असतं. दिवसा घेतलेली झोप रात्रीच्या झोपेपेक्षा तोकडी आणि वरवरची राहते. आळंदीत तर ती आणखी अवघड. लग्नांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात मंगल कार्यालयांना तोटा नाही, बँड सकाळी वाजतो, कीर्तनाचे कर्णे संध्याकाळी लागतात आणि नाइट करून आलेला कामगार दोन्हींच्या मध्ये पत्र्याखाली कूस बदलत पडून असतो. शेजारच्या कॉटवरचा सेकंड शिफ्टला निघायची तयारी करत असतो, ते वेगळंच.

कारखान्यातल्या थकव्याचा अभ्यास काही नवा नाही. इटलीत तुरीनच्या आंजेलो मोस्सो या शरीरशास्त्रज्ञाने १८९१ मध्ये थकव्यावर आख्खं पुस्तक लिहिलं आणि बोटाने वजन उचलायला लावून स्नायू किती वेळात दमतो ते मोजणारं यंत्र बनवलं. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामगारांना आठवड्याला ७०-७० तास राबवलं जात होतं. १९१५ मध्ये नेमलेल्या समितीने आकडे काढले तेव्हा दिसलं की तास कमी केले तरी उत्पादन घटत नाही, काही ठिकाणी उलट वाढतं. १९१८ मध्ये तिथे औद्योगिक थकव्यासाठी स्वतंत्र संशोधन मंडळच उभं राहिलं. शंभर वर्षांनी चाकणच्या दवाखान्यात मात्र ‘या आठवड्यात शिफ्ट कुठली?’ हा प्रश्न विचारला जाईलच याची खात्री नाही. शिफ्ट बदलायचीच असेल तर सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने पुढे सरकवलेली शरीराला कमी जड जाते, उलट्या क्रमाने जास्त. एवढी साधी गोष्टही सगळ्या सुपरवायझरांना ठाऊक नसते.

झोपेचं गणित सुटलं, सुट्टीत गावी जाऊन आठ दिवस पोटभर झोपूनही फरक पडला नाही, तर पुढचा संशय ताटाकडे वळतो. आणि इथे पुणे परिसराने जगाला एक मोठी माहिती दिली आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहावर काम करतात. पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा त्यांनी १९९३ पासून पाठपुरावा केला. त्या अभ्यासाने त्यांना ब-१२ या जीवनसत्त्वापाशी आणून सोडलं. २००६ मध्ये त्यांच्या गटाने ४४१ मध्यमवयीन पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. यात खेड्यातले होते, पुण्याच्या झोपडपट्टीतले होते आणि शहरी मध्यमवर्गीयही होते. ६७ टक्के पुरुषांत ब-१२ कमी निघालं. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. ज्यांच्या घरी खाण्यापिण्याची ददात नाही त्यांच्याच रक्तात हे जीवनसत्त्व सर्वांत कमी! शाकाहाऱ्यांत कमतरतेचा धोका मांसाहाऱ्यांच्या चौपटीहून अधिक होता.

कारण तसं सरळ आहे. ब-१२ कुठलीही वनस्पती बनवत नाही, ते जिवाणू बनवतात आणि माणसापर्यंत ते मांस, मासे, अंडी आणि दूध यांतून पोचतं. पालेभाजी, डाळ, शेंगदाणे यांत ते नसतंच. आळंदीत ही गोष्ट विशेष लागू पडते, कारण तुळशीची माळ गळ्यात घातली की मांस-मासळी सुटते आणि अंडंही सुटतं. मग उरतं दूध. कपभर दुधात ब-१२ साधारण एक मायक्रोग्रॅम असतं आणि मोठ्या माणसाची रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची आहे. जुन्या वारकरी शेतकऱ्याच्या दारात म्हैस होती, ताकाचा माठ होता. त्याचा माळकरी नातू कॉट बेसिसवर राहतो, मेसचा डबा खातो आणि दूध त्याच्या पोटात जातं ते टपरीवरच्या कटिंगमधून. माळ तीच राहिली, म्हैस गेली. दोष माळेचा नाही. पण माळकऱ्याच्या थकव्याची चौकशी करताना दुधाचा हिशेब मांडल्यावाचून पुढे जाता येत नाही.

त्यात दोन गोळ्यांची भर पडते. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं घेतलेलं मेटफॉर्मिन आणि शिफ्टमुळे बिघडलेल्या पोटासाठी रोज सकाळी घेतलेली ‘गॅसची गोळी’, म्हणजे पॅन्टोप्रॅझोल किंवा तिच्या बहिणी. या दोन्हींमुळे अन्नातलं ब-१२ शोषलं जाण्यात अडथळा येतो. कमतरतेने थकवा येतोच, शिवाय हातापायांना मुंग्या येतात, जीभ लाल होऊन झोंबते, अंधारात चालताना तोल जातो. हिमोग्लोबिन अगदी व्यवस्थित असूनही हे होऊ शकतं, त्यामुळे नुसत्या सीबीसीवर, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीवर, विसंबणं चुकीचं. उपचार सोपा आणि स्वस्त आहे: इंजेक्शनं किंवा मोठ्या मात्रेच्या गोळ्या. रक्तातला आकडा लवकर चढतो, नसा सावरायला मात्र महिने लागतात.

तरीही इथे एक गफलत होते, आणि ती शिकलेल्यांकडूनच जास्त होते. याज्ञिकांच्या पाहणीतले पुरुष आजारी नव्हते, ते हिंडते-फिरते, कामावर जाणारे होते. म्हणजे ज्या भागात चांगल्या धडधाकट माणसांपैकी दोन-तृतीयांश लोकांचं ब-१२ कमी आहे, तिथे दमलेल्या माणसाचं ब-१२ कमी निघालं तर त्यात नवल काय? तो आकडा त्याच्या थकव्याचं कारण असेलही, नसेलही. इंजेक्शनांचा कोर्स पूर्ण करून दोन-तीन महिने वाट पाहायची, हाच त्याचा निवाडा. ‘सापडलं एकदाचं!’ म्हणून आनंदाने घरी गेलेले काहीजण तीन महिन्यांनी तितकेच दमून परत येतात आणि तेव्हा खरी पंचाईत सुरू होते. थायरॉइडची गतही तीच. मुंबई-गोव्यासह भारतातल्या आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांचा थायरॉइड मंद निघाला. मंद थायरॉइडने माणूस दमतो हे खरं, पण थायरॉइडच्या तपासणीतल्या किंचित वाढलेल्या टीएसएचवर सगळा थकवा ढकलणं हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांच्याही सोयीचं असतं.

बायकांच्या थकव्याबाबत तर उत्तर जणू आधीच ठरलेलं असतं: रक्त कमी आहे, लोहाच्या गोळ्या घ्या. ते बिनबुडाचं नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. मग बायका दमतात त्या याच कारणाने, असं कोणीही म्हणेल.

गोव्यात हे तपासून पाहिलं गेलं. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या ‘संगत’ या संस्थेने लंडनच्या संशोधकांबरोबर एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतल्या १८ ते ५० वयाच्या ३००० स्त्रिया यादृच्छिक पद्धतीने निवडल्या. २४९४ जणी बोलायला तयार झाल्या. त्यांतल्या १२.१ टक्के स्त्रिया सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ दमलेल्या होत्या. म्हणजे साधारण आठात एक. प्रत्येकीचं हिमोग्लोबिन, वजन, उंची यांची नोंद होती आणि घरची परिस्थितीही नीट विचारली होती. २००५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष आले आणि लोहाच्या गोळीवरचा विश्वास थोडा हलला. हिमोग्लोबिनचा आणि दीर्घ थकव्याचा संबंध सापडला नाही. सापडला तो वेगळ्याच गोष्टींशी: घरावरचं कर्ज, मागच्या तीन महिन्यांत कधीतरी उपाशी राहावं लागणं, कमी शिक्षण, वाढतं वय, नवऱ्याकडून होणारी लैंगिक जबरदस्ती, मनावरचा ताण आणि उदासी.

हा अभ्यास वाचून ‘म्हणजे सगळं मानसिकच’ असा अर्थ काढणारे भेटतात, पण तो अभ्यासाचा अर्थ नव्हे. कर्ज मनात नसतं, सावकाराच्या वहीत असतं. उपास घडतो तो पोटाला. शिवाय अशा एकदाच केलेल्या पाहणीतून आधी काय आणि नंतर काय हे कळत नाही. थकव्यामुळे कामं सुटली आणि त्यातून कर्ज झालं, असंही काही घरांत घडलं असेल. पण डॉक्टरने विचारायच्या प्रश्नांची यादी त्या अभ्यासाने कायमची लांबवली. आळंदीच्या भाड्याच्या खोलीत पहाटे साडेचारला पाणी येतं म्हणून उठणारी, नवऱ्याच्या तीन शिफ्टच्या तीन वेगळ्या वेळांना डबे करणारी, मधल्या वेळेत केटरिंगच्या पंगतीला वाढायला जाणारी बाई लोहाच्या गोळ्या घेऊन दमलेलीच राहते, तेव्हा गोळी निकामी असते असं नाही. गोळीने सुटावा असा तो प्रश्न नसतो. तिला ‘टेन्शन घेऊ नका’ असं सांगणारा डॉक्टर नक्की कशावर बोट ठेवतो, हे त्यालाही सांगता येणार नाही.

पुण्यातही याच दिशेने काम झालं. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. वासुदेव परळीकर आणि स्वित्झर्लंडमधले मिचेल वाइस यांच्या गटाने थकवा आणि अशक्तपणा हीच मुख्य तक्रार असलेल्या ३५२ रुग्णांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. ते काम २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. यातली लक्षात राहणारी गोष्ट म्हणजे हे रुग्ण आले कुठून. चार वेगवेगळ्या ओपीडींमधून: मेडिसिन, त्वचारोग, मानसोपचार आणि आयुर्वेद. एकच तक्रार, चार दारं. मेडिसिनच्या दारात गेला तर रक्त तपासलं जाणार, मानसोपचाराच्या दारात गेला तर झोप आणि उदासी विचारली जाणार, आयुर्वेदाच्या दारात धातू आणि अग्नीची चर्चा होणार, आणि तरुण पोरगा ‘धातू जातो’ ही धास्ती घेऊन आला असेल तर तो लाजत त्वचारोगाच्या रांगेत उभा राहणार. म्हणजे थकव्याचं निदान बऱ्याच अंशी केसपेपर काढतानाच ठरतं. आपल्याला हे कशामुळे झालं असं तुम्हाला वाटतं, हा प्रश्न त्या अभ्यासात प्रत्येक रुग्णाला विचारला गेला. ओपीडीच्या तीन मिनिटांत तो कोण विचारणार?

एवढं सगळं विचारून, तपासून, भरून काढूनही काही माणसं शिल्लक राहतात. झोप पुरेशी, ब-१२ भरलेलं, थायरॉइड जागेवर, क्षय नाही, मधुमेह नाही, घोरणं नाही, उदासी असलीच तर थकव्यानंतर आलेली. आणि तरी आंघोळ करून कपडे घालेपर्यंत दम संपतो. यांतल्या काहींना जो आजार असतो त्याचं नाव लांबलचक आहे: मायॅल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम, थोडक्यात एमई/सीएफएस.

त्याचा इतिहास वाचताना संताप येतो. १९५५ च्या जुलैमध्ये लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात डॉक्टर आणि नर्सेस एकामागून एक आजारी पडू लागल्या. नोव्हेंबरपर्यंत कर्मचाऱ्यांपैकी २९२ जणांना तो आजार झाला. आधीपासून दाखल असलेल्या रुग्णांपैकी मात्र फक्त १२ जणांना. रुग्णालय जुलैअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत बंद ठेवावं लागलं. स्नायूंचं दुखणं, चक्कर, मानेच्या गाठी, आणि महिनोन्‌महिने न हटणारा थकवा. पंधरा वर्षांनी, १९७० मध्ये, दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुने केसपेपर चाळून जाहीर केलं की हा सामूहिक उन्माद होता. आजारी पडलेल्यांत तरुण नर्सेस बहुसंख्य होत्या, हा त्यांच्या युक्तिवादाचा मोठा आधार. त्या नर्सेसना भेटण्याची त्यांना गरज वाटली नाही.

नाव बदलत गेलं, संशय राहिला. अमेरिकेने १९८८ मध्ये ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ हे नाव रूढ केलं आणि त्याने आजार आणखी हलका वाटू लागला, कारण दमत कोण नाही? २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ६४१ रुग्णांवरचा ‘पेस’ नावाचा मोठा ब्रिटिश प्रयोग आला. हळूहळू व्यायाम वाढवत नेला आणि विचारांची पद्धत बदलली तर रुग्ण सुधारतात, असं त्याचं म्हणणं. जगभर तेच उपचार झाले. रुग्ण सांगत होते की व्यायामाने आम्ही अंथरुणाला खिळलो. शेवटी एका रुग्णाने माहितीच्या कायद्याखाली प्रयोगाची मूळ आकडेवारी मागितली. प्रयोग करणारे नकार देत राहिले, प्रकरण न्यायाधिकरणापर्यंत गेलं आणि २०१६ मध्ये आकडे द्यावे लागले. प्रयोग सुरू करताना ठरवलेल्या कसोट्या मधेच सैल केल्या होत्या. त्या मूळ कसोट्या लावून पाहिल्यावर बऱ्या झालेल्यांची संख्या फारच खाली आली. ऑक्टोबर २०२१ मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने ठरवून वाढवत नेण्याचा व्यायाम या आजारात सुचवू नये, असं मार्गदर्शन दिलं.

त्याआधी, २०१५ मध्ये, अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने ओळखीच्या खुणा नेमक्या केल्या होत्या. पूर्वी सहज जमणारी कामं सहा महिन्यांहून जास्त काळ जमेनाशी होणं, विश्रांतीने न जाणारा थकवा, झोपून उठल्यावरही ताजंतवानं न वाटणं. जोडीला डोकं न चालणं किंवा उभं राहिल्यावर घेरी येऊन त्रास वाढणं, यांपैकी एक. आणि सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे श्रमानंतरची घसरण. थोडं जास्त काम केलं की माणूस त्याच वेळी दमतो असं नाही. तो कोसळतो दुसऱ्या दिवशी, कधी दोन दिवसांनी, आणि आठवडा-आठवडा उठत नाही. सोमवारी दोन मजले चढून गेलेला बुधवारी अंथरुणात असतो आणि दोन्हींचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही. त्यासाठी एक साधी वही पुरते. काय केलं, किती झोप झाली, कधी कोसळलो, एवढं रोज दोन ओळींत. शिफ्टची नोंदही त्यातच.

ही खूण ओळखण्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे, कारण इथे सल्ला उलटा होतो. उदासीने किंवा बैठ्या आयुष्याने आलेल्या थकव्यात चालणं औषधासारखं काम करतं. पहाटे इंद्रायणीच्या घाटापर्यंत फेरी मारा, हा सल्ला तिथे चोख. श्रमानंतर घसरणाऱ्या रुग्णाला तोच सल्ला घातक. त्याने आपल्याजवळ जेवढी ताकद आहे तिच्या आतच दिवस बसवायचा असतो, बरं वाटतंय त्या दिवशीही हात आखडता घ्यायचा असतो. वारी दरवर्षी चालणाऱ्या, अडीचशे किलोमीटर पायी जाणाऱ्या समाजात हे पचनी पडणं कठीण आहे. दिवे घाट चढताना थकव्यावर नामाने मात करता येते, असं मानणाऱ्या घरात ‘मला चालल्याने त्रास होतो’ हे वाक्य भक्तीतली कमतरता ठरू शकतं.

कोविडने या सगळ्याला नवे साक्षीदार दिले. महाराष्ट्रातले पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच सापडले, त्या वर्षी माउलींच्या पादुका आळंदीहून एसटीने पंढरपूरला गेल्या, आणि विषाणू निघून गेल्यावरही महिनोन्‌महिने धाप, धडधड आणि थकवा घेऊन फिरणारी माणसं घराघरांत दिसू लागली. त्यांतल्या काहींची लक्षणं एमई/सीएफएसशी तंतोतंत जुळतात. चिकुनगुन्यानंतर सांधे आणि अंग धरून बसलेले लोक तर इथे त्याआधीपासून होतेच. साथीनंतर काही शरीरं पूर्ववत होत नाहीत, हे सांगणाऱ्या रुग्णांना पूर्वी एकेकटं बोलावं लागे, आता शेजारी-पाजारी दुजोरा मिळतो. ऑगस्ट २०२५ मध्ये एडिंबरा विद्यापीठाच्या ‘डीकोड-एमई’ प्रकल्पाने १५,५७९ रुग्णांच्या जनुकांची छाननी करून प्राथमिक निष्कर्ष मांडले. जनुकसंचात आठ ठिकाणी फरक सापडले आणि त्यांतले काही प्रतिकारशक्तीशी आणि मज्जासंस्थेशी निगडित आहेत. रक्ताच्या एका थेंबात निदान करणारी तपासणी अजून नाही, खात्रीचं औषधही नाही. झोप, दुखणं, उभं राहिल्यावर येणारी घेरी यांवर वेगवेगळे उपाय करून त्रास मात्र कमी करता येतो.

आळंदीच्या माणसाने जायचं कुठे? गावात ग्रामीण रुग्णालय आहे, पिंपरीत महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, आणि पगारातून ईएसआयची कपात होत असेल तर चिंचवडच्या मोहननगरमधलं कामगार विमा रुग्णालय. जाताना जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले, चालू गोळ्यांची पाकिटं आणि ती वही बरोबर असली की त्या तीन मिनिटांचं सोनं होतं. संध्याकाळचा ताप, वजन घटणं, रात्री घामाने अंथरूण भिजणं, काळी शी, जिना चढताना नव्याने लागणारी धाप यांपैकी काही असेल तर वही भरत बसू नये, लगेच दाखवावं.

विश्रांतीचा प्रश्न औषधाहून अवघड आहे, कारण तिला पैसे पडतात. ताकदीच्या आत दिवस बसवा, हा सल्ला ठेकेदाराकडे हजेरीवर असलेल्या पोराला द्यायचा म्हणजे त्याला खाडे करायला सांगायचं. ईएसआय योजनेत, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या विमाधारक कामगाराला आजारपणात वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत सरासरी मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते. त्यासाठी सहा महिन्यांच्या टप्प्यात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते. सहा-सात महिन्यांनी ठेकेदार बदलणाऱ्याचा हिशेब इथेच चुकू शकतो. त्यापुढे, ठरावीक ३४ दीर्घ आजारांसाठी दोन वर्षांपर्यंत ८० टक्के मजुरीची सोय आहे. क्षय, कुष्ठरोग, कर्करोग, मोठे मनोविकार त्या यादीत आहेत. दीर्घ थकव्याचा हा आजार त्यात नाही. त्यामुळे डॉक्टरला पटलं, घरच्यांना पटलं, तरी ९१ व्या दिवसानंतर या कामगारापुढे मार्ग राहतो तो बसून करायचं काम किंवा कायमची एकच शिफ्ट मागण्याचा. आणि तो अर्ज सुपरवायझरकडे द्यायचा असतो.